एकतिसावा टेक

ऑर्लँडो, मंगळवार

प्रिय रॉडरिक,

हे पत्र मी तीन जागी बसून लिहितोय. सकाळी स्टुडिओच्या पार्किंगमध्ये, गाडीत सुरुवात केली. मग कॅन्टीनच्या कोपऱ्यात चार ओळी खरडल्या, आणि आता घरी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्यानेच लिहितोय. बूड एका जागी टेकत नाही. माझं अक्षर तुला लागणार नाही, पण योलांडाला लागेल; आता तुझी बायको असली तरी शाळेत तिने माझ्या वह्या कमी उतरवलेल्या नाहीत. टाइप करता आलं असतं. पण टाइप केलेलं मी दहा वेळा पुसतो, साफ करतो, गुळगुळीत करतो. तो माझा धंदाच आहे. या वेळी खाडाखोड दिसते तशी राहू दे.

चौदा तारखेला तुझ्या भरपाईच्या दाव्याची सुनावणी आहे. आमच्या स्टुडिओचा वकील म्हणतो, रॉडरिक नोल्सला इथे कधी काही लागलंच नाही. डोक्याला जे झालं असेल ते शाळा-कॉलेजात फुटबॉल खेळताना झालं असेल. अपघाताच्या नोंदवहीत त्याचं नाव दाखवा, म्हणतो. ते नाव नाही. न्यायाधीशांनी त्याचं मानलं तर टॅम्पाच्या उपचार केंद्रात तुझ्यासाठी धरलेली जागा गेली, आणि योलांडाने नोकरी सोडून तुझ्यामागे घरभर फिरायचं, गॅस बंद आहे का बघत. मागच्या रविवारी मी आलो तेव्हा तू मला दारातच धरलंस आणि विचारलंस, "लिन, तू होतास ना रे तिथे? मला लागलं होतं, की माझंच टाळकं सरकलंय?" त्याचं उत्तर या पत्रात आहे. पण क्रमाने वाच, कारण मला ते एका दमात लिहिता येत नाही.

आपल्या गावचं, बेल ग्लेडचं, तुला सगळं आठवतं, हे एक बरं आहे. परवाचं जेवण आठवत नाही, पण उसाचे फड पेटवले की आपण पोरं कडेला कशी उभी राहायचो आणि धुरातून ससे सुटले की कसे धावायचो, ते तू अजून रंगवून सांगतोस. तू चार ससे घेऊन यायचास आणि मी राखेने काळा होऊन रिकामा. शाळेच्या फुटबॉल संघात तरी दुसरं काय होतं? तू बॉल छातीशी धरून पळणाऱ्यांना आडवं करायचास, आणि मी बाकावर बसून तुम्ही कसे पडता ते वहीत काढायचो. "बाक गरम ठेव रे लिन, मी दमून आलो की बूड शेकायला बरं," म्हणायचास. सगळे हसायचे. मी पण हसायचो, आणि मनातून जळायचो, हे आज लिहून टाकतो. कोच हॅम्प्टन एकदा माझी वही चाळून म्हणाले होते, "याला खेळता येत नाही, पण माणूस का पडतो ते याला कळतं." त्या एका वाक्यावर मी पुढची वीस वर्षं पोट भरलं.

स्टुडिओत तुला मीच आणलं. तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, मोठ्या संघाने दारातूनच परत पाठवलं होतं, आणि तू शाळेची बस चालवत होतास. इकडे आमच्या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमची इंटरनेटवर रोज टिंगल चालली होती. टॅकल झालं, म्हणजे एकाने दुसऱ्याला धरून आडवं केलं, की दोन्ही खेळाडू एकमेकांना चिकटायचे आणि पोती टाकावीत तसे जमिनीवर यायचे. पोरं त्याचे व्हिडिओ काढून हसायची. आमच्या ब्रेंटला, म्हणजे चित्रण सांभाळणाऱ्या साहेबाला, वरून दम मिळाला होता की यंदा टॅकल खरं दिसलं नाही तर पुढच्या वर्षी तू दिसणार नाहीस. मी म्हटलं, माझा एक मित्र आहे, त्याच्यासारखं फ्लोरिडात कोणी पडत नाही. हे मी अभिमानाने म्हटलं होतं.

तुला तो काळा तंग सूट घातला, अंगभर चमकणारे मणी चिकटवले, आणि तू आरशात बघून म्हणालास, "आई असती तर म्हणाली असती, पोरा, कपडे घालून बाहेर पड." गोल रिंगणात चाळीस कॅमेरे. ते फक्त मणी बघतात. माणूस त्यांना दिसतच नाही. पडद्यावर तुझ्या जागी एक काड्यांचा माणूस धावायचा, आणि गंमत म्हणजे काड्यांचा असूनही तो तूच आहेस हे मला खांद्यावरून ओळखू यायचं. हेल्मेट घालायचं नाही, कारण त्याखाली डोक्यावरचे मणी झाकले जातात. साधी कापडी टोपी. आणि एकतिसाव्या टेकच्या दिवशी ब्रेंटने जाड गादीही काढायला लावली. जाड गादीत पाय रुततो आणि पडद्यावर माणूस चिखलात चालल्यासारखा दिसतो. पातळ चटई घातली. मी तिथेच होतो. गादीची एक बाजू मी उचलली होती.

तीस टेक झाले होते. तुला आडवं करणारा काईल दमला होता, कमरेला धरायच्या ऐवजी वर छातीवर आला. तू मागे पडलास आणि डोकं आधी टेकलं. आवाज फार मोठा झाला नाही. मग तुझे दोन्ही हात कोपरात ताठ होऊन हवेत उचलले गेले आणि तसेच राहिले, समोर काहीतरी धरल्यासारखे. बोटं हलत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, रॉडरिक. ब्रेंट ओरडला, "याला म्हणतात पडणं. बक्षीस द्या रे याला कोणीतरी." मीही वाजवल्या. मला वाटलं तू नाटक करतोयस; शाळेत पंचाला फसवायला तू किती वेळा मेल्याचं सोंग केलं होतंस. थोड्या वेळाने तू उठून बसलास, हसलास, सँडविच खाल्लंस आणि मला विचारलंस, "दुसरा हाफ सुरू झाला का? कोच चिडेल." मी तुझ्या पाठीत थाप मारली आणि म्हटलं, हो, चल.

आता जे लिहायचंय त्यासाठी मी दोनदा घराबाहेर जाऊन आलो. दुसऱ्या आठवड्यात तो टेक साफ करायला माझ्याकडे आला. माझं काम असं की कॅमेऱ्यांनी पकडलेली हालचाल घ्यायची आणि त्यातला कचरा काढायचा. मणी सैल झाला की तो पडद्यावर थरथरतो. माणूस थरथरत नसतो. असं दिसलं की आम्ही विचार करत नाही, एक बटण दाबतो आणि रेघ गुळगुळीत होते. दिवसातून पन्नास वेळा करतो. तुझ्या उजव्या मनगटाचा मणी चार सेकंद थरथरत होता. मी बटण दाबलं. मग डावं मनगट पाहिलं. तेही थरथरत होतं, आणि त्याच तालात. दोन सैल मणी एका तालात थरथरत नाहीत. हे काम करणाऱ्या कोणालाही हे कळतं, आणि मला तर माणूस का पडतो ते लहानपणापासून कळतं.  तू नाटक करत नव्हतास. चार सेकंद तू तिथे नव्हतासच.

पहिलं मनगट पुसलं ती चूक होती. दुसरं पुसलं ती नव्हती. शुक्रवारी काम द्यायचं होतं, ब्रेंट दर तासाला खांद्यावरून डोकावत होता, आणि सगळ्या मजल्यावर एकच बोलणं होतं की लिनवुडने यंदा गेम वाचवला. मी डावं मनगटही गुळगुळीत केलं. संध्याकाळी ब्रेंट त्या टेकच्या दिवसाची अपघाताची नोंदवही घेऊन आला आणि म्हणाला, "कोणाला काही लागलं नाही ना? तू होतास तिथे, तूच सही कर." मी केली. तुझं नाव त्या वहीत नाही म्हणून वकील जी मिजास दाखवतोय, ती माझ्या सहीच्या जोरावर. त्यानंतरही तू दोन वर्षं पडत राहिलास. दर वेळी मी तुझे हात बघायचो आणि ते खाली राहिले की सुटकेचा श्वास सोडायचो. तुला थांब म्हणालो नाही.

तो टेक जाहिरातीत गेला. हवेत ताठ झालेले ते हात पोरांना फार आवडले. अजूनही दर वर्षीच्या गेममध्ये ते निघतात, वेगवेगळ्या रंगांच्या जर्सीत, वेगवेगळ्या नावांच्या खेळाडूंच्या अंगावर. मला टॅकल विभागाचा प्रमुख केलं. गेल्या महिन्यात नवीन लागलेली एक मुलगी मला म्हणाली, "सर, ते हात तुम्हाला सुचले कसे? फारच खरं वाटतं." मी म्हटलं, निरीक्षण. मग स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारत उभा राहिलो.

कच्ची फाईल, साफ न केलेली, माझ्याकडे आहे. तेव्हाच घरी आणून ठेवली होती. पुढे कधीतरी खरं सांगायला लागेल म्हणून आणली, असं म्हणणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर का आणली ते मला माहीत नाही. दोन्ही मनगटं, चार सेकंद, तारीख-वेळेसकट त्यात आहेत. काल मी ती तुझ्या वकीलबाईंच्या हातात दिली. चौदा तारखेला मी उभा राहणार आहे आणि सहीचंही सांगणार आहे. ब्रेंटला आज सकाळी सांगितलं. तो म्हणाला, "तुला ठाऊक आहे ना, यानंतर या धंद्यात तुला कोणी दारात उभं करणार नाही?" मी हो म्हटलं. माझं सामान एका खोक्यात मावलं.

आता हे कागदावर का लिहितोय ते सांगतो. रॉडरिक, हे सगळं मी तुला पहिल्यांदा सांगत नाहीये. फेब्रुवारीत तू फोनवर विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो, तुला काही लागलं नव्हतं म्हणालो. पण मार्चमध्ये तुझ्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं, सहीसकट. तू माझ्या मानेवर हात ठेवलास आणि म्हणालास, "जाऊ दे लिन. तू सांगितलंस ना, बास." मी गाडीत रडलो. ईस्टरला आलो तर तू दारात तोच प्रश्न विचारलास. मी पुन्हा सांगितलं, तू पुन्हा मानेवर हात ठेवलास. जूनमध्ये पुन्हा. रविवारी चौथ्यांदा. दर वेळी योलांडा कामावर असेल अशी वेळ मी साधली होती, आणि दर वेळी तीन तास गाडी चालवत हलका होऊन घरी आलो. तू मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वतःलाच वेडा ठरवत बसलास. रविवारी परतताना मला कळलं की मी तुला सांगायला येतच नव्हतो, मी माफी घ्यायला येत होतो, कारण तू ती विसरतोस आणि पुन्हा देतोस. म्हणून हे पत्र योलांडाच्या नावाने पाठवतोय. ती तुला रोज सकाळी वाचून दाखवेल. तुझं डोकं फिरलेलं नाही, तुला लागलं होतं, आणि ते मला माहीत होतं. रोज ऐक, आणि ज्या सकाळी मला माफ करावंसं वाटणार नाही त्या सकाळी करू नकोस. तसं या कागदाच्या मागे तुझ्या हाताने लिही. मागची बाजू मी कोरी सोडली आहे, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते वाचून तुला कळेल.

तू ठेवशील तोवर तुझाच,
लिनवुड