गुरुवारची तयारी

बाबा, तुम्ही मला दोरीने मारलंत त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. मी सोळा वर्षांचा होतो. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी दत्ताची आरती शिकवली, तेव्हापासून मी गुरुवार धरला होता. त्या दिवशी मासळी खायची नाही, शिवायचीही नाही. आणि नेमकी एका गुरुवारी जाळ्यात तीन हात लांब मोरी आली. ती शेपटीने होडीच्या फळ्या बडवत होती आणि तुम्ही माझ्या हातात दांडा दिलात. मी तो खाली ठेवला. "आज माझो वार आसा," म्हणालो. तुम्ही स्वतः मोरीचं नाक फोडलंत, डोक्यामागे सुरी घातलीत आणि हात न धुताच ओल्या दोरीने मला बडवायला लागलात. "वार पोटाक असता, हाताक नाय!" मग दर फटक्याला, "ह्यो पण वारच! ह्यो पण वारच!" दमल्यावर एवढंच म्हणालात, "मोरी गप पडली म्हणजे मेली नाय, ध्यानात ठेव." पाठीवरचे वळ आठ दिवसांनी गेले. माझा गुरुवार मात्र आणखी घट्ट झाला.

तुम्ही गेल्यावर मी दुबईला आलो. आधी जबल अलीच्या गोदामात खोकी उचलली, मग एका अरबाबाच्या, म्हणजे मालकाच्या, बोटीवर लागलो. लोक ती बोट दिवसभरासाठी भाड्याने घेऊन मासे धरायला जायचे. तिथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे सगळी तयारी गुरुवारी. बोटीवर माणसं दोनच. दुसरा रत्नागिरीकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणायचो. त्याने माझा वार कधी मोडू दिला नाही. गळ, तारा, दोऱ्या, बर्फ माझ्याकडे. कापाकापी, रक्त, घाण सगळी त्याच्याकडे. चार वर्षं असंच चाललं.

त्या आठवड्यात एका कंपनीच्या साहेबाने पाहुण्यांसाठी बोट ठरवली होती. अरबाबाला फोनवर बजावलं होतं, "शार्क चाहिए. छोटा-मोटा नहीं, फोटो में दिखना चाहिए." शार्क म्हणजे आपली मोरी. अजून सगळं डोळ्यांसमोर आहे. दुपारचं ऊन, धक्क्यावरचं लोखंड हाताला चटके देतंय. मी कानशीने गळ घासतोय, गळाला पोलादी तार आवळतोय, कारण नायलॉनची दोरी मोरी चावून तोडते. भाई कोयत्याने सुरमईची डोकी फोडतोय, आतडी न् रक्त पिंपात लोटून पायाने तुडवतोय. हा लगदा पाण्यात सोडला की वासावर मोठी मोरी येते. शिंतोडे माझ्याकडे उडतात, मी मागे होतो. "सरक, सरक, तुझा देव बघतोय," भाई हसतो. अरबाब येतो, तार ओढून बघतो. "यल्ला, बाहर जाके ट्राय करो."

धक्का नजरेआड व्हायच्या आतच नव्या तारेला एक मोरी लागली. तुमच्या त्या मोरीएवढीच. भाईने तिला आकडीने वर ओढलं आणि गुडघ्याखाली दाबलं. "हाण!" दांडा माझ्या पायाशी होता.

"भाई, आज माझा गुरुवार."

"आज तुझा गुरुवार, उद्या माझा जुम्मा. मग मोरी काय रविवारची वाट बघत बसणार होय रे?" असं म्हणत त्याने गळ काढायला हात घातला. मोरी गप पडली होती. बाबा, मला माहीत होतं. 'हात काढ' एवढं बोलायला वार आडवा येत नव्हता. मी बोललो नाही.

जबडा मिटला. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, किंकाळी नंतर. मग मी दांडा उचलला. नाकावर, डोळ्यांवर, कल्ल्यांवर, दिसेल तिथे हाणत सुटलो. जबडा सुटला, भाईने हात ओढून घेतला, दोन बोटं कातडीला लोंबत होती, तरी मी हाणतच होतो. मोरीचं डोकं फळीवर चेचून गेलं. "अरे मेली ती, खलास! माझा हात बांध, हरामखोरा!" भाई ओरडत होता आणि मला समोर तुम्ही दिसत होता. पुढे हॉस्पिटलात खाटेवर पडल्या पडल्या त्याने विचारलं, "मारताना वार, वार काय बडबडत होतास रे?"

बोटं वाचली नाहीत. अरबाब आला. "क्या हुआ?" मी म्हणालो, "इसने जल्दी किया." भाईने माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. महिन्याभरात त्याला कामावरून काढून गावी पाठवलं. शुक्रवारची सफर मात्र ठरल्याप्रमाणे झाली. पाहुण्यांना मोठी मोरी मिळाली. त्यांच्या फोटोत तिची शेपटी मी धरली आहे.

आता पन्नाशी जवळ आली. रोज सकाळी देवापुढे बसतो, पण हे त्याच्यापुढेही कधी मोठ्याने म्हटलेलं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि हे पत्र टाकणार तरी कुठे? खरं तर ते भाईला लिहायला हवं होतं. तो आहे, त्याच्या घरचा पत्ताही माझ्याजवळ आहे. पण तो उत्तर देईल. तुम्ही देणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.