मचाणाखालची वाट

२४ नोव्हेंबर, मंगळवार

आज बाबांनी कॉफी ओतताना कपात बोट घातलं. चटका बसेपर्यंत ओतत राहिले. आईनेही पाहिलं, पण ती सिंककडे वळली. "कॉफी गार झालीय," बाबा म्हणाले. कपातून वाफ येत होती.

शनिवारपासून रायफलने हरणं मारायचा हंगाम.

२५ नोव्हेंबर, बुधवार

बोलता येत नाही, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो. बाबांना समोरचं दिसत नाही. कडेकडेचं थोडं दिसतं. टीव्हीकडे ते कोंबडीसारखी मान तिरकी करून बघतात. पेपर आई मोठ्याने वाचते आणि म्हणते, मला मोठ्याने वाचायला आवडतं. लग्नाला तीस वर्षं झाली, तिला हे या वर्षीच आवडायला लागलं.

डॉक्टर नाही. "डॉक्टरकडे गेलं की माणूस आजारी पडतो." संपला विषय.

गेल्या हंगामात त्यांनी हरीण समजून शेजारच्या योडरचं तपकिरी वासरू मारलं. आमच्या शिकारीच्या कॅम्पात रिवाज आहे, नेम चुकला की शर्टाचा मागचा तुकडा कापून भिंतीवर ठोकायचा. क्लेटकाकांनी कात्री चालवली. "वर्लिन, पुढच्या वर्षी योडरचा घोडा!" सगळ्यात मोठ्याने बाबाच हसले. योडरला अर्धं हरीण पोचवलं. मिटलं. हे लोक काहीही मिटवतात.

बाबांचं मचाण डोंगराच्या उतारावर आहे. त्याच्या खालून चालणाऱ्यांची वाट जाते. जंगल सरकारी, वाट कुणाचीही. माझ्या शाळेतल्या क्रेमरबाई रोज सकाळी तिथून जातात. त्यांचा कुत्रा योडरच्या वासराच्याच रंगाचा आहे.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. टर्की कोरडी झाली होती, पण सगळे छान म्हणाले. मी धीर करून म्हटलं, "बाबा, या वर्षी काकांबरोबर एकाच मचाणावर बसा ना."

 मग काका म्हणाले, "माझ्या तंबाखूच्या वासाने हरणं पळतात, हा कसा टिकेल?" आई हसली. बाबा हसले. मी बटाटे वाढून घेतले.

नंतर पोर्चमध्ये काकांनी माझी कॉलर धरली. "मला माहीत नाही असं वाटतं तुला? कॅम्पात सगळ्यांना माहीत आहे. पण त्याला जाऊन सांगायचं कुणी? तू सांगतोस?"

"तुम्ही सख्खे भाऊ आहात."

"म्हणूनच नाही सांगत."

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

क्रेमरबाईंकडे गेलो. दहावीत शाळा सोडली तरी त्यांच्यासमोर अजून हात मागे बांधले जातात.

"बाई, हंगाम संपेपर्यंत दुसरीकडे चाला ना."

"एल्डन, वर्गात खिडकीजवळ बसायला घाबरायचास. वीज पडेल म्हणून. आठवतं?"

"बाई, मी खरंच सांगतोय."

"जंगल सरकारचं. माझा कर सरकारला चालतो, मग माझे पाय का चालू नयेत?"

हंगामात माणूस लांबून ओळखू यावा म्हणून घालतात ते केशरी जाकीट नेलं होतं. त्यांनी घेतलं. कुत्र्यासाठी केशरी रुमालही घेतला, त्याच्या गळ्यात बांधून म्हणाल्या, "ह्याला शोभतो. मी मात्र भोपळा दिसणार."

बाबांचं सांगितलं नाही. शब्द तोंडाशी आले होते. आपल्याच बापाबद्दल असं दुसऱ्याच्या दारात उभं राहून कसं सांगायचं? घरी येऊन हात धुतले. मळलेले नव्हते, तरी धुतले.

२८ नोव्हेंबर, शनिवार

मी कामाला जातो ती लाकडाची वखार शनिवारी बंदच असते. उजाडल्यापासून त्या वाटेवर खालीवर चाललो. केशरी कोट, केशरी टोपी, कमरेला गाईची घंटा. घंटा वाजली की हरणं जवळ येणार नाहीत. हरीण आलं नाही तर बार उडणार नाही. शिकाऱ्याला मुद्दाम अडथळा आणणं गुन्हा आहे, तो नियम मी दोनदा वाचलाय. तरी दिवसभर चालत राहिलो.

मचाणावरून बाबांचे बूट लोंबताना दिसत होते. मी खालून गेलो की मान तिरकी व्हायची. कान माझ्याकडे, तोंड भलतीकडे.

बाई भेटल्या. "गाय हरवली की काय रे?" शहरातलं एक जोडपंही आलं होतं, पाठीवर राखाडी पिशव्या, अंगात राखाडी कोट. त्यांना परत पाठवलं. त्यातली बायको नवऱ्याला म्हणाली, "हा वाटेचा मालक दिसतोय." म्हणू दे.

बार उडाला नाही.

३० नोव्हेंबर, सोमवार

जेवताना बाबा म्हणाले, "शनिवारी खाली कुणीतरी गाढव घंटा घालून फिरत होतं."  आईने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि बाबांना सांगितलं, "शहरातली माणसं असतील." ती किती सराईत झालीय.

आज वखारीत जाण्याआधी आणि सुटल्यावर, दोन्ही वेळा चाललो.

१ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी काकांनी कॅम्पात बोलावून घेतलं. शेगडीवर मांस शिजत होतं. सगळी मंडळी, आणि मध्ये बाबा. कुणीतरी मला वाटेवर ओळखलं होतं.

"तू होतास?"

"हो."

"का?"

सांगता आलं असतं. तिथल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. सगळे ताटात बघत होते. बाबा वाट बघत होते. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नाही. नको सांगूस, असं म्हणणारा. की ते मला वाटलं?

म्हटलं, "मला हरणांची दया येते."

काय हसले सगळे! "वर्लिनच्या पोटी पाद्री जन्मला." "त्याला गाजरं वाढा रे." काका तर डोळे पुसत होते.

बाबा हसले नाहीत. म्हणाले, "उद्या त्या वाटेवर दिसलास तर हरीण समजून गोळी घालीन." त्यावरही सगळे हसले.

'दिसलास तर.' मला सोडून कुणाला तो शब्द टोचला नसेल.

२ डिसेंबर, बुधवार

घंटा नको. शिकारीचे नियम बघणाऱ्या वॉर्डनकडे तक्रार गेली तर वखारीतलं कामही जाईल. पण चालायला कुणाची बंदी नाही. बाईंबरोबर उताराच्या, म्हणजे मचाणाच्या बाजूने चालेन. कोट ब्रशने साफ केला. इतका केशरी आहे की डोळे दुखतात.

५ डिसेंबर, शनिवार

इस्पितळ. गुडघा गेला. पाय राहील म्हणतात.

बार ऐकू आला नाही. आधी पडलो, मग बाईंची किंकाळी. त्यांनी स्वतःच्या मफलरने मांडी आवळली. तिथे फोन लागत नाही, म्हणून कुत्र्याला घेऊन रस्त्याकडे पळाल्या. त्या वयात, बर्फातून. मी एकटा.

मग बाबा उतरून आले. एका झाडाला हात, मग दुसऱ्या झाडाला हात. माझ्यापासून दहा पावलांवर थांबले. मी त्यांच्या अगदी समोर, बर्फात, केशरी कोटात. मी कण्हलो तशी मान तिरकी केली आणि विचारलं, "क्लेट, तू आलास का? शिंगं केवढी आहेत रे?"

मी म्हटलं, "बाबा, मी आहे."

रायफल हातातून पडली. गुडघ्यांवर बसून ते माझा चेहरा चाचपत होते. कपाळ, नाक, हनुवटी. "नाही," म्हणत होते. "नाही, हा एल्डन नाही." बाई माणसं घेऊन आल्या तेव्हा ते उठून उभे होते, पाठ ताठ.

ते शिंगांचं वाक्य माझ्याशिवाय कुणीही ऐकलं नाही.

६ डिसेंबर, रविवार

काका वॉर्डनला घेऊन आले. आई नाही आली.

वॉर्डन माझ्याच वयाचा. कोट पिशवीत घालून आणला होता. म्हणाला, "एवढ्या अंतरावरून हा रंग दिसत नाही असं होत नाही. एक तर त्यांना डोळे नाहीत, नाहीतर त्यांनी मुद्दाम मारलं."

काका खिडकीशी उभे. "खाकी कोट घातला असतास तर अपघात म्हणून मिटलं असतं रे," इतकंच म्हणाले.

बाबांनी काल जबाब दिलाय. वॉर्डनने तो वाचून दाखवला. 'पोरगा मला स्वच्छ दिसत होता. बजावून ठेवलं होतं, ऐकलं नाही. म्हणून गोळी घातली.' कॅम्पातल्या सगळ्यांनी धमकी ऐकल्याचं लिहून दिलंय. यात तुरुंग आहे, वॉर्डन म्हणाला. बरीच वर्षं. त्यांची नजर अधू असेल तर आत्ताच सांग, म्हणजे गोष्ट वेगळी होईल.

काकांनी टोपी काढून हातात घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, "बाबांना सगळं दिसतं."