तीन टिचक्यांचा वारसा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार स्वतःच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी खात्री करून घ्यायला मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत उतरले तेव्हा त्यांनीच पुरे म्हटले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्यांनी आजवर प्रयत्न केला ते कलम तीनमध्ये भेटतील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करायला बहुधा सवड मिळणार नाही.

वकिलांनी कच्चा मसुदा वाचून सांगितले की कोणाला काय द्यायचे तेवढेच लिहावे, का ते लिहू नये. मी पाटीवर लिहून विचारले की कायद्याने मनाई आहे का. नाही म्हणाले. मग झाले तर.

पाटीवर अशासाठी, की सहा वर्षांपूर्वी घशाच्या कर्करोगापायी माझे स्वरयंत्र काढून टाकले. तेव्हापासून मी गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेते आणि हाताने बोलते. गेल्या नोव्हेंबरात तोच पाहुणा फुप्फुसात मुक्कामाला आलेला सापडला. डॉक्टर आता वर्षांचे नाव काढत नाहीत, महिन्यांचे काढतात. म्हणून हा खटाटोप.

कलम १. वरच्या दोन्ही खोल्या, त्यांतले सामान, बँकेतली शिल्लक आणि माझ्या आईच्या बांगड्या माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळाव्यात, जी आज आणखी एक जिना वर राहते. खिडकीचा आडणा वरच्या बाजूने ठोकल्याशिवाय बसत नाही, हे तिला माहीत आहे. ती भाड्याने देणार असेल तर भाडेकरूला सांगावे.

कलम २. खालचे दुकान, दोन्ही टेबले, हत्यारांची पेटी आणि सुट्या भागांचे सगळे डबे माझ्या जोडीदारणीला मिळावेत, जिला आख्खा बाजार ‘पेचकस’ म्हणतो. बाई अंगाने तशीच आहे, आणि अडकलेली कोणतीही गोष्ट तिच्यापुढे सैल होते. बावीस वर्षे तिने माझ्याबरोबर काम केले. ऑपरेशननंतर पहिले सहा महिने गिऱ्हाइकांशी ती बोलली आणि मशीनशी मी. लेकीची याला संमती आहे. ती मला म्हणाली होती की दुकान मला दिलंस तर मी त्यात कुंड्या ठेवीन. डब्यांवर चिठ्ठ्या नाहीत, कारण आम्हा दोघींना डबे हलवून आवाजावरून कळतात. पेचकसने आता चिठ्ठ्या लावाव्यात. पुढच्या माणसाचे कान कसे असतील सांगता येत नाही.

कलम ३. माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, वडिलांचे तीन पायांचे स्टूल मिळावे.

याला कारण आहे. वडिलांनी हा धंदा मला शिकवला, दादाला नाही, कारण दादाला मशीन दिसले की ते उघडायची घाई. वडील सांगायचे, ‘आधी ऐक, मग उघड.’ मशीनवर कान टेकवून चाक फिरवायचे. सुई वाकली आहे, दोरा कुठे घासतो आहे की तेल सुकले आहे, ते मशीन स्वतः सांगते. मला ते ऐकू यायचे. तरीही वडील गेल्यावर दुकानाच्या पाटीवर नाव दादाचे लागले, कारण बाईच्या नावाच्या दुकानात मशीन कोण टाकणार. पुढे त्याला कंटाळा आला, दुकान माझ्या गळ्यात पडले आणि मी पाटी बदलली. हे सगळे मी विसरले असते. पण ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, मी खाटेवर जागी असताना, तो माझ्या पायथ्याशी उभा राहून लेकीला म्हणाला, ‘आता दुकान विकून टाका. मुक्या बाईकडे कोण येणार?’

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे उत्तर होते आणि गळा नव्हता. ते उत्तर मी सहा वर्षे दिले. दुकान एक दिवस बंद राहिले नाही. जी मशीन बाकीच्यांनी भंगार म्हणून परत पाठवली ती माझ्याकडे आली आणि चालत गेली. दादाने त्या स्टुलावर बसून दुकानात एक दिवस काढावा, आणि येणारी माणसे मोजावीत. माझा राग आता फारसा उरलेला नाही. मोजून झाल्यावर त्याने चहा घेऊन जावे.

शेजारच्या चष्मेवाल्यांनाही इथेच सांगते की मुकी म्हणजे बहिरी नव्हे. सहा वर्षे ते माझ्याशी ओरडून बोलले. आज साक्षीदार म्हणून आले आहेत, आणि आताही ‘सही कुठं करू’ हे त्यांनी पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असे विचारले. माणूस सोन्यासारखा आहे. त्यांना काही देत नाही, कारण साक्षीदाराला देता येत नाही.

कलम ४. आता ज्यांना देण्यासारखे माझ्याकडे फार थोडे आहे आणि ज्यांच्याकडून मी सगळ्यात जास्त घेतले, त्यांच्याविषयी.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी दुपारी, भेटायला आलेली माणसे गेल्यावर, माझे नाक वाहू लागले आणि मला कळले की ते शिंकरता येत नाही. नाकातून हवाच जात नाही, तर शिंकरणार काय? एवढे मोठे ऑपरेशन, पण ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती. एका नर्सने माझ्या फोनवर एक ग्रुप उघडून दिला. स्वरयंत्र काढलेल्या माणसांचा. नाव होते ‘गळा काढायचा नाही’. मी लिहिले, ‘नाक कसं शिंकरायचं?’ घटकाभरात अकरा उत्तरे आली. रुमालाची सुरळी कशी करायची, आंघोळीला गळ्यात प्लॅस्टिकचे लाळेरे कसे बांधायचे, खोकताना हात तोंडावर न नेता गळ्यावर कसा न्यायचा. हळहळ कोणीही व्यक्त केली नाही. शेवटी एकाने लिहिले, ‘रडू आलं तर येऊ द्या. आवाज येत नाही, एवढा एक फायदा आहे.’ मी हसले. भोकातून शीळ वाजली आणि शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली.

पाच महिने मला कसलाही वास येत नव्हता. दुकानात एक मोटर माझ्यासमोर जळाली आणि मला पत्ता नाही. ग्रुपवरच्या एका बेकरीवालीने युक्ती शिकवली: तोंड मिटून जांभई द्यायची, म्हणजे नाकातून थोडी हवा आत ओढली जाते. तीन आठवडे मी गिऱ्हाइकांच्या तोंडावर जांभया देत बसले; दोघांनी पेचकसला विचारले की बाई आमच्यावर नाराज आहेत का. मग एके सकाळी मशीनच्या तेलाचा वास आला. वडिलांच्या सदऱ्याला यायचा तो. मी हातातले काम ठेवले आणि रडले.

या माणसांपैकी बहुतेकांना मी कधी पाहिलेले नाही. लोक म्हणतात, फोनमधली माणसे काय कामाची. ज्यांना नाक शिंकरता येते त्यांनी तसे खुशाल म्हणावे.

माझ्या शिलाईच्या कपाटातले पुठ्ठ्याचे तीन नमुने ग्रुपला मिळावेत. गळ्यावरचे भोक झाकायला जो पट्टा मिळत असे तो गरम व्हायचा आणि टोचायचा. मी दुसरा बेतला: आत मऊ जुने सुती, बाहेर दुहेरी जाळी, आणि शिवण काठावर न घेता आडवी घेतलेली. एकशे बारा माणसे आज माझ्या हातचा पट्टा गळ्यात घालून फिरतात. मला याचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. नमुने कोणीही वापरावेत. शिवण काठावर घ्यायची नाही, एवढीच अट.

कलम ५. ग्रुपचा हजेरीपट.

आमचा एक नेम आहे. रोज सकाळी साडेसातच्या आत प्रत्येकाने ‘हजर’ असे लिहायचे. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या भोकात काही अडकले तर त्याला ओरडता येत नाही, म्हणून हा नेम एका आजोबांनी घातला. एक दिवस आजोबांचेच ‘हजर’ आले नाही. आम्ही एकोणीस दिवस वाट पाहिली. विसाव्या दिवशी त्यांच्या नंबरवरून उत्तर आले, ‘तुम्ही लोक कोण? मी हा फोन जुन्या बाजारातून घेतला आहे.’ असे कळले आम्हाला. त्या दिवसापासून हजेरी मी घेते, आणि एक नियम वाढवला: माणूस गेला की घरच्या कोणीतरी स्वतः येऊन सांगायचे.

पुढच्याच वर्षी घोळ मी घातला. एके सकाळी मोठ्या भरतकामाच्या मशीनखाली शिरले आणि हजेरी विसरले. हजेरीपटावर ज्यांचा क्रमांक चौथा, म्हणून ज्यांना आम्ही ‘चार नंबर’ म्हणतो, ते निवृत्त बसचालक घाबरले आणि त्यांनी दुकानाच्या फोनवर फोन लावला. फोन वाजला की उचलायची माझी चाळीस वर्षांची सवय. बोलता येत नाही हे उचलल्यावर आठवते. त्यांचेही तेच झाले. दोन मुकी माणसे, एकमेकांचा श्वास ऐकत. मला वाटले कोणी टवाळ आहे, मी आपटून ठेवला. असे चार वेळा झाले. त्यांना वाटले बाई जमिनीवर पडून शेवटचे श्वास घेते आहे. दोन बस बदलून, तीन तासांनी ते दुकानात पोचले, तर टवाळाची वाट बघत मी हातात पाना घेऊन उभी. त्यांनी माझी पाटी ओढून घेतली आणि लिहिले, ‘जिवंत होता तर निदान टिचकी तरी मारायचीत.’

तेव्हापासून आम्ही फोनवर तीन टिचक्या मारतो, बोलायच्या जागी नखाने. तीन, कारण दोन चुकूनही पडतात. टिचक्या आल्या की पलीकडच्यानेही तीन मारायच्या.

माझ्यानंतर हजेरी चार नंबरांनी घ्यावी. त्यांच्याशी बोलणे झाले आहे. आयुष्यभर त्यांनी वेळेवर गाडी सोडली. साडेसात त्यांना कोणी शिकवायला नको.

कलम ६. देहाचे काय करायचे ते लेकीने ठरवावे. भाषणे नकोत. मला उलटून बोलता येणार नाही तेव्हा माझ्याबद्दल बोलायची खोड लोकांना आहे.

कलम ७. माझा फोन माझ्या लेकीला मिळावा. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

बाळ, तू कॉल सेंटरात दिवसभर कानाला यंत्र लावून अनोळखी माणसांच्या तक्रारी ऐकतेस आणि त्यावर आपले पोट भरतेस, तरी तू मला विचारलेस की अनोळखी माणसांशी एवढं काय बोलतेस. तेव्हा मी चिडले. आता कबूल करते. नोव्हेंबरात दुखणे परत आल्याचे मी आधी ग्रुपवर लिहिले आणि तुला नऊ दिवसांनी कळले, तेही टेबलावर उघड्या राहिलेल्या फोनवरून. तू म्हणालीस, ‘आई, मी एक जिना वर राहते. आणि मला सगळ्यांत शेवटी?’ त्यानंतर तू औषधांत, जेवणात, डॉक्टरांकडे नेण्यात तिळभर कसूर केली नाहीस, पण त्या लोकांचे नाव माझ्यापुढे काढू नकोस म्हणालीस.

कारण ऐक. ग्रुपवर लिहिताना मला कोणाचा चेहरा बघावा लागत नव्हता. तुला सांगायचे तर तुझा बघावा लागणार होता. नऊ दिवस मला ते जमले नाही. तुझ्यापेक्षा ते जवळचे होते म्हणून नव्हे. चूक माझी आहे.

फोन उघडायचा आकडा तुझी जन्मतारीख आहे. दुसरा कोणता असणार. सहा वर्षांचे सगळे त्यात आहे, मी एक ओळ पुसलेली नाही. निम्म्या तुझ्याबद्दलच्या बढाया आहेत. ती सगळी माणसे तुला ओळखतात.

आणि मागते ते एवढेच. मी जाईन त्याच्या दुसऱ्या दिवशी, साडेसातच्या आत, तू स्वतः ग्रुपवर लिही. चांगले लिहायची गरज नाही. त्यांना एकोणीस दिवस वाट बघायला लावू नकोस. त्यानंतर दुकानाचा फोन वाजू लागेल, एकामागून एक, आणि पलीकडे कोणी बोलणार नाही. ठेवून देऊ नकोस. आधी ऐक. तीन टिचक्या येतील. तूही तीन मार.

याची मी सक्ती करत नाही. नाही जमले तर चार नंबर येऊन बघतील.

पुरवणी, त्याच दिवशी. मृत्युपत्र साक्षीदारांसमोर वाचले जावे, असा वकिलांचा आग्रह पडला. मला मोठ्याने वाचता येत नाही. पेचकसला पहिल्याच पानावर हुंदका आला, चष्मेवाल्यांना वाचू दिले असते तर बाजार जमला असता. म्हणून वरून लेकीला बोलावले. तिने सहा कलमे कामावरच्या आवाजात, एकही शब्द न अडखळता वाचली. सातव्यापाशी थांबली आणि ते मनातल्या मनात वाचले. मी टेबलावर तीन टिचक्या मारल्या. मग तिने कागद खाली ठेवला आणि साक्षीदार म्हणून आलेल्या चार नंबरांना विचारले, ‘साडेसात म्हणजे साडेसातच ना? पाच मिनिटं इकडे-तिकडे चालत नाही?’ त्यांनी मान हलवून नाही म्हटले. तिने सातवे कलम पहिल्यापासून मोठ्याने वाचले, आणि संपल्यावर टेबलावर नखाने तीन टिचक्या मारल्या.

वरील सर्व मजकूर माझा असून तो मला मान्य आहे.

ठिकाण: दुकानातले मोठे टेबल
दिनांक: ९ मार्च, सोमवार

मृत्युपत्र करणारी: (सही) हजर.
साक्षीदार पहिले: (सही) निवृत्त बसचालक, हजेरीपट क्रमांक चार. हजर.
साक्षीदार दुसरे: (सही) शेजारचे चष्मेवाले. हजर.
वाचून दाखवणारी: (सही) लेक. हजर.