मोडून आणलेली भाकरी

प्रिय आत्याबाई,

पिठलं खाली उतरवलंय, ज्वारीच्या भाकऱ्या झाल्यात. हे स्कूटर काढून दारात उभे आहेत आणि मी ओट्याशी वही उघडून बसले आहे. मंडल ऑफिसच्या मागच्या गल्लीत आज सकाळी एक म्हातारे वारले. त्यांचं नावही मला माहीत नाही. तिकडे जायला पाय उचलत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुमची तेरवी होऊन महिना झाला. चौकात तुमच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता, 'थोर समाजसेविका'. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "दुसरा फोटो भेटला नाई काय तुमाले? यात तं मी भांडून आल्यावानी दिसते."

आपल्या बोथ गावात कुणाकडेही मयत झाली, की भाजीचं दुकान सुनेवर, म्हणजे माझ्यावर टाकून तुम्ही भाकरी थापायला बसायचात आणि हे तुम्हाला डब्यासकट स्कूटरवरून पोचवायचे. ते घर मराठी आहे, तेलुगू आहे की गोंड, हे कधी विचारलं नाहीत. माझी चिडचिड व्हायची, आज कबूल करते. ओळख ना पाळख, आपण का जायचं? एकदा तोंडावर विचारलंही. तुम्ही पीठ मळता मळता म्हणालात, "त्यायच्या घरी आज चूल पेटत नाई. पण पोटाले सुतक असते काय, पोरी?"

भाकरी मात्र तुम्ही मोडूनच न्यायचात. अख्खी समोर आली की रडणारा माणूस ताट सरकवतो, तुकडा असला की हात आपोआप जातो, असं तुमचं म्हणणं. आणि 'जेवा' म्हणायचं नाही. शेजारी बसायचं, पहिला तुकडा आपण खायचा. सुतकाच्या घरी पाणीसुद्धा न पिणारी माणसं आपण! ते धाडस तुम्ही कुठून आणलंत?

एकदा मला सोबत चल म्हणालात. मी म्हटलं, मला मयताच्या घरी भीती वाटते. पुन्हा तुम्ही विचारलंच नाहीत. का नाही विचारलंत? दुसऱ्यांदा म्हणाला असतात तर आले असते, असं आता वाटतं.

तुम्ही गेलात त्या दिवसाचं सांगते. तुम्हाला पोचवून सगळे परतले, आंघोळी झाल्या, अंगण माणसांनी भरलं. दिवस कलला तरी कुणाच्या हातात डबा नाही. गल्लीला वर्षानुवर्षांची सवय, की मयताच्या घरी जेवण तुमच्याकडून जातं. लोक खरोखर वाट पाहत बसले होते. तेवढ्यात हे उठले, खुंटीवरची किल्ली घेतली आणि मला म्हणाले, "आईचा डबा भरला काय? पोचवून येतो."

मग ह्यांचं ह्यांनाच समजलं आणि हे होते तिथेच खाली बसले. आत्याबाई, तुम्ही गेलात हे मला त्या क्षणी कळलं.

तेव्हा कोपऱ्यातली एक बाई उठून गेली. तिचा नवरा वारला तेव्हा तुम्ही तिच्या घरी गेला होतात. तासाभरात ती पिठलं घेऊन आली. भाकरी मोडून आणली होती. माझ्याशेजारी बसून पहिला तुकडा तिनं खाल्ला. म्हणाली, "मावशीनं माह्या घरी असंच केलं होतं." मग माझाही हात ताटात गेला.

भीती अजून आहे. पण आपल्या गावातलं कुठलंही घर आता डब्याची वाट पाहत बसणार नाही, एवढा शब्द तुम्हाला देते. भाकऱ्या मोडून फडक्यात बांधल्यात. एक जास्तीची टाकली आहे, ती माझी. पहिला तुकडा घशात अडकला, तर तेवढं सांभाळून घ्या.

तुमची सून,
संगीता