रविवारचा फ्रिज

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून गुणाकार बंद. दुकानात वस्तू हातात घेतली की मनात तिचे रुपये करायचे, ही सवय इथे आल्याच्या पहिल्या दिवसापासून लागली आहे. असं करणारा माणूस परदेशात राहूच शकत नाही. इथले पैसे इथले, तिथले तिथले. मी इथे समतोल आहारावर संशोधन करायला आले आहे. कमी पैशांत चौरस आहार कसा घ्यावा हे मी नाही दाखवायचं तर कोणी?

स्कॉलरशिपमध्ये फी आणि खोली भागते. जेवण लायब्ररीतल्या पार्टटाइम कामावर. सहज भागेल.

स्वयंपाकघर दोघींत एक. दुसरी एका हॉस्पिटलात नर्स आहे, आपल्याकडचीच. मी तिला सिस्टर म्हणते. फ्रिजचा वरचा कप्पा माझा, खालचा तिचा.

निघताना बाबांनी अट घातली होती. उपाशी राहून शिकायचं नाही; तसं दिसलं की परत यायचं. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक बाबांकडे कपडे शिवायला टाकतात. शिक्षिकेची एक जागा त्यांनी सहामाही परीक्षेपर्यंत माझ्यासाठी राखून ठेवली आहे. मी बाबांना तेव्हाच म्हटलं, आजच देऊन टाका ती दुसऱ्या कोणाला. बाबा सुईत दोरा ओवत म्हणाले, असू दे, जागेला काय खायला लागतं?

आईची अट वेगळी. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर फ्रिज उघडून दाखवायचा. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास नाही. परीक्षेच्या दिवसांत जेवले म्हणून सांगायचे आणि ताट झाकलेलं सापडायचं, ते ती विसरलेली नाही. ग्रॅज्युएट मुलीवर अविश्वास दाखवणं बरं नव्हे, पण घरात पहिलीच ग्रॅज्युएट असल्यामुळे त्यांना सराव नाही.

४ सप्टेंबर

दुकानात गेले. टोमॅटो पाच प्रकारचे. त्यातले काही देठासकट, कापसात ठेवल्यासारखे. एक उचलला. गुणाकार केला नाही. तो आपोआप झाला. परत ठेवला.

कोथिंबीर कुंडीत होती. सहा काड्या, वर प्लास्टिकचा बुरखा, सलाइन लावलेल्या पेशंटसारखी. तिच्याशेजारी बराच वेळ उभी राहिले. दुकानातला मुलगा येऊन विचारून गेला, काही मदत हवी आहे का. नको म्हटलं.

खरेदी: मसूर, ब्रेड, दोन कांदे, मीठ. मीठ इथे खरोखर परवडतं. हुरूप आला.

७ सप्टेंबर, रविवार

आईचा फोन. इथल्या फ्रिजमधला दिवा फार मोठा आहे. घरच्या फ्रिजमध्ये काय आहे ते चाचपून बघावं लागतं. इथे जे नाही तेसुद्धा लख्ख दिसतं. माझ्या कप्प्यात अर्धा कांदा, ब्रेड आणि शिजवलेली मसूर होती. मसूर पातेल्यात असल्यामुळे ती दिसत नव्हती. पातेलं दिसत होतं.

फोन धरून हात दुखला म्हणून जरा खाली आला. त्यामुळे सिस्टरचा कप्पा दिसला. दूध, अंडी, दही, द्राक्षं, पिवळी ढोबळी मिरची. आई एकदम म्हणाली, अगं बाई, केवढं भरलंयस! बाबा मशीन थांबवून बघायला आले. त्यांनी विचारलं, मिरची पिवळी का? पिकली का? मी त्यातल्या व्हिटॅमिनबद्दल सांगितलं. बाबा आईला म्हणाले, बघ, शिकलेल्या पोरीचा फ्रिज असा असतो.

मी खोटं बोलले नाही. मी फक्त फ्रिज उघडला. कप्पा कोणाचा हे कोणी विचारलं नाही. आईने विचारायला सुरुवात केली होती, पण तेवढ्यात नेटवर्क गेलं. बटण माझ्याच अंगठ्याखाली होतं, हा योगायोग.

पुढच्या रविवारी सांगून टाकणार.

१० सप्टेंबर

आठवड्याचा तक्ता केला. सोमवार मसूर, मंगळवार मसूर आणि ब्रेड, बुधवार बदल.

बदलासाठी संध्याकाळी दुकानात. दुकान बंद व्हायच्या आधी शिळं होऊ घातलेल्या मालावर पिवळी चिठ्ठी लावतात, किंमत अर्धी. चिठ्ठ्या लावणाऱ्या बाईभोवती माणसं उभी राहतात, पण तिच्याकडे बघत नाहीत. बस यायची आहे असा चेहरा करतात. मी पण केला. चिकनच्या पाकिटाला चिठ्ठी लागली. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हात आणि माझा हात एकदम पोचला. मी हात मागे घेतला. शिक्षणाचा उपयोग काय नाहीतर? त्यांनी माझ्याकडे न बघताच पाकीट पिशवीत टाकलं.

मला सॅलडच्या पानांची पिशवी मिळाली. पूर्ण खाल्ली. पानांत बहुतेक पाणीच असतं. पाणी शरीराला आवश्यक आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

सांगायचं ठरलं होतं. पण आईच्या मागे बाबा अंघोळ करून, नवा शर्ट घालून बसले होते. फ्रिज बघायला. अशा वेळी सांगणं बरं दिसलं नसतं.

खालचा कप्पा दाखवत होते, तेवढ्यात सिस्टर ड्युटीवरून आली, युनिफॉर्ममध्येच. आईने तिला फोनवर बोलावलं. म्हणाली, अगं, उभी काय राहतेस, तूही घे त्यातलं. लाजू नकोस. आमची पोरगी काही म्हणायची नाही, तिचा हात मोकळा आहे. वाळलीस किती, हॉस्पिटलात काय खायला घालत नाहीत का?

सिस्टरने कप्प्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग म्हणाली, हो काकू, घेते. आणि स्वतःच्या कप्प्यातलं स्वतःचं दही काढून उभ्या उभ्या खाल्लं. दही संपेपर्यंत आई बघत होती. वाटी चाटूनपुसून संपव म्हणाली.

फोन ठेवल्यावर सिस्टरला समजावून सांगितलं की एकाच फ्रिजमध्ये मालकी ही कल्पनाच तकलादू असते, वीज तर दोघींचीच जळते. ती चमचा धूत होती. म्हणाली, ते राहू दे. रविवारी फोन किती वाजता येतो तेवढं सांगून ठेव, म्हणजे मी जरा नीट लावून ठेवत जाईन.

तिला माझं म्हणणं पटलं.

बाबांना शाळेतल्या जागेचं विचारलं. सहजच. अजून तशीच आहे म्हणाले.

१७ सप्टेंबर

सेमिनार. विषय: कमी उत्पन्न गटातील प्रथिनांची कमतरता. तिसऱ्या स्लाइडला डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून खाली बसून बोलले. मध्येच दोन-तीनदा थांबले. सगळे फार लक्ष देऊन ऐकत होते. नंतर प्रोफेसरबाई म्हणाल्या, विषय तुम्ही आतून मांडलात, शांतपणे, काही नाट्य न करता.

चहाबरोबर बिस्किटं होती. इतरांनी घेतली नाहीत. वाया जाऊ दिली नाहीत.

२१ सप्टेंबर, रविवार

सिस्टरने कप्पा दुकानासारखा लावला होता. अंडी पुढे, द्राक्षं वाडग्यात, मध्ये अख्खा अननस. तिला म्हटलं, इतकं कशाला? म्हणाली, काकूंना आवडेल.

आवडलंच. आईने शेजारच्या दोघी बोलावल्या होत्या. गिरणीवाली काकू आणि तिची जाऊ. चौघंजण फोनसमोर, कोणाचं डोकं कोणाच्या आड येतंय यावरून कुरबूर. गिरणीवाली काकू म्हणाली, अननस केवढ्याला गं?

मी किंमत सांगितली. तीन. माझा नियम आहे, गुणाकार करत नाही. मग आई म्हणाली, तीनला अख्खा अननस? काकूची जाऊ म्हणाली, आणि आपल्याकडे ऐंशी सांगतो मेला, तोही आंबट. आई अंडी, दूध, दही, एकेक विचारत गेली. मी एकेक सांगत गेले. दोन. एक. दीड. आई प्रत्येक आकड्याला त्या दोघींकडे बघत होती. शेवटी म्हणाली, बाई गं, फुकटच की! आणि मी इथे जीव टांगणीला लावून बसले होते.

बाबांचा चेहरा सैल झाला. आल्यापासून पहिल्यांदाच तसा पाहिला. अशा वेळी मधेच गुणाकार सांगणं म्हणजे क्रूरपणा.

जागेचं विचारलं. अजून आहे. माझा काही संबंध नाही, पण माहीत असलेलं बरं.

संध्याकाळी सिस्टरने अननस कापला. मी एक फोड घेतली, तिला वाईट वाटू नये म्हणून. नंतर तिला आणखी तीन वेळा वाईट वाटू दिलं नाही.

२६ सप्टेंबर

सिस्टरला हॉस्पिटलजवळ क्वार्टर मिळालं. आज गेली. खालचा कप्पा पुसून गेली. थोडी साखर आणि एक लिंबू ठेवलंय. बॅग उचलताना म्हणाली, आईला खरं सांग गं. तिला काय, ती रागावेल आणि बोलावून घेईल. त्यात काय एवढं? घरीच तर बोलावतील.

म्हटलं, या रविवारी सांगणारच होते.

दुसरी भाडेकरू पुढच्या महिन्यात येणार. तोवर दोन्ही कप्पे माझे. जागा भरपूर झाली.

२८ सप्टेंबर, रविवार

आईला सांगितलं की फ्रिजचा दिवा गेलाय. आई म्हणाली, मग टॉर्च लाव. टॉर्च फोनमध्येच आहे म्हटलं, आणि फोनवर तर आपण बोलतोय. बाबा म्हणाले, बरोबर आहे तिचं. आईने विचारलं, अननस आणलास का या आठवड्यात? म्हटलं, संपला. ती म्हणाली, रोज आण, तीनला तर येतो.

जागेचं विचारायचं राहिलं. पुढच्या रविवारी विचारेन.

लिंबू-साखरेचं पाणी. दोनदा.

२ ऑक्टोबर

उपाय सापडला. दुकानाच्या दारातच बोर्ड आहे: वस्तू पसंत पडली नाही तर पावती दाखवून परत करा, पैसे पूर्ण परत. रोज त्याच्याखालून जात होते, कधी नीट वाचला नव्हता. म्हणजे शनिवारी आणायचं, रविवारी दाखवायचं, सोमवारी परत. कोणाचं नुकसान नाही. दुकानाचा माल दुकानात, आईचं समाधान आईकडे.

सध्या बसच्या पासाचे पैसे वापरायचे. सोमवारी परत येतीलच. त्यानंतर मात्र आईला सगळं शांतपणे समजावून सांगायचं, तक्त्यासकट. मग त्यांनी म्हटलंच ये, तर विचार करता येईल. विचार करायला काही हरकत नसते.

४ ऑक्टोबर

दोन पिशव्या. दूध, अंडी, दही, द्राक्षं, पिवळी मिरची, चीज, टोमॅटो देठासकट. अननस. काउंटरवरची बाई म्हणाली, पाहुणे येणार वाटतं? हो म्हटलं. एका अर्थी खरंच आहे.

दोन्ही कप्पे लावले. सिस्टरसारखं जमलं नाही, अंडी सारखी मागे जातात. कशालाही हात लावायचा नाही. पावती उशीखाली ठेवली आहे. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, तरी अननसाचा वास येतो.

५ ऑक्टोबर, रविवार

फोन आला तेव्हा मी फ्रिजसमोरच उभी होते, दाराच्या मुठीवर हात ठेवून. आई म्हणाली, नको गं, आज फ्रिज नको. बघून बघून पाठ झालाय. मी म्हटलं, दिवा दुरुस्त झाला, बघ तरी. ती म्हणाली, असू दे, माझा विश्वास बसला आता, गॅसवर दूध ठेवलंय.

मग बाबा आले. म्हणाले, एक काम केलं, तुला विचारलं नाही, पण तू नाही म्हणणार नाहीस. शुक्रवारी मुख्याध्यापक शर्ट न्यायला आले होते. त्यांना सांगून टाकलं की जागा देऊन टाका. गिरणीवाल्याची मुलगी उद्यापासून रुजू होतेय. पोरीच्या आईने पेढे आणून दिले. बाबा म्हणाले, एवढं सगळं आहे तुझ्याकडे, कशाला गरजूची जागा अडवायची? तूच म्हणायचीस ना.

मी म्हटलं, योग्यच केलंत.

बाबा म्हणाले, मला ठाऊकच होतं. मग मी विचारलं, सहजच, ती ग्रॅज्युएट आहे का. आहे म्हणाले. यंदाच झाली.

एकदा बघून तर घ्या म्हटलं, अननस आहे. बाबा म्हणाले, खा, खा. तीनला तर येतो. तेवढ्यात तिकडे दूध उतू गेलं आणि आईने त्यांना हाक मारली.

फ्रिजचं दार उघडंच राहिलं होतं. तो टीं टीं करायला लागला तेव्हा बंद केलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

पिशव्या घेऊन दुकानात गेले. चालत. काउंटरवरच्या बाईने पावती पाहिली, अंडी पाहिली. म्हणाली, खाण्याच्या वस्तू परत घेत नाही. तो बोर्ड छत्र्या, किटली, असल्या वस्तूंचा. मग विचारलं, पाहुणे आले नाहीत का?

नाही म्हटलं.

मागे रांग होती. पिशव्या उचलून चालत परत आले. वाटेत दोनदा खाली ठेवाव्या लागल्या. सगळं पुन्हा लावलं. या वेळी अंडी पुढे राहिली.

फ्रिज भरलेला आहे. माझा आहे, दोन्ही कप्पे. हे आता खरं आहे. कोणाला सांगावं ते सुचत नाही.

भूक आहे असं वाटत नाही. दुधावर नऊ तारीख आहे, दह्यावर दहा. त्याच्या आत एकटीने सगळं संपवायला हवं. तक्ता नव्याने केला. आहारशास्त्राच्या दृष्टीने जमण्यासारखं आहे.

उद्यापासून.