मन मोजायला आलेली बाई

ति. ताईस,
धाकटीचा नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळे ठीक आहे.

परवा विद्यापीठातली एक बाई घरी आली होती. देश सोडून आलेल्यांच्या मनाचा अभ्यास करते म्हणे. देवाच्या तसबिरीसमोर बुटांसकट बसली आणि दुभाष्याकरवी विचारू लागली, "गेल्या पंधरा दिवसांत किती दिवस उदास वाटलं?" उदास व्हायला सवड लागते, ती हिच्याकडे भरपूर दिसली. मी आम्हा दोघांच्याही कागदावर "एकही नाही" लिहायला लावले. यांच्या वतीने मीच बोलते, तुला ठाऊक आहे.

तर बया म्हणते, "त्यांनाच सांगू द्या." म्हटलं, विचार की. कारखान्यातून आल्यावर माझ्याशी चार शब्द बोलत नाहीत, तुझ्याशी काय बोलणार?

यांनी मान खाली घालून सांगितले, "पंधराही दिवस."

गुरुवारी तिने सांगितलेल्या डॉक्टरकडे यांना नेते आहे. तिची अक्कल मला अजूनही दीडदमडीचीच वाटते. पण विचारले तिने, मी नाही. मी बाहेर बाकावरच बसणार आहे. मी समोर असले की ते बोलत नाहीत.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला यातले काही सांगू नकोस. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना गोड पापा.

तुझी,
धाकटी