राखाडी थर दाखवण्यासाठी

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
सागरतळ संशोधन केंद्र.

विषय : निवृत्त सहकाऱ्यास शीतकक्षात आणल्याबद्दल कार्योत्तर मंजुरी, तसेच येत्या बुधवारी त्यांना पुन्हा प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ : १) शीतकक्षातील सुरक्षिततेविषयीचे आपले परिपत्रक.
२) त्यावर मी केलेले अर्ज व आपली उत्तरे.

महोदय,

मी गाळ विभागाची प्रमुख असून सध्या या विभागात माझ्याशिवाय कोणीही नाही. जे निवृत्त झाले त्यांच्या जागा भरल्या नाहीत, जे बदलून गेले ते परत आले नाहीत. खोल्या पूर्वीइतक्याच आहेत. सकाळी मी सगळ्या खोल्यांचे दिवे लावते, कारण एकाच खोलीत उजेड असला की व्हरांडा फार लांब वाटतो. ही तक्रार नाही. विजेच्या वापराबद्दल आपण खुलासा मागितला होता, म्हणून लिहिले.

१. समुद्राच्या तळातून नळीने काढलेले गाळाचे लांब गाभे शीतकक्षात उभे चिरून ठेवलेले आहेत. वरचा गाळ अलीकडचा, खालचा जुना. त्यांतील एका गाभ्याच्या मधोमध तळहाताएवढ्या जाडीचा राखाडी थर आहे. वर-खाली सगळे तपकिरी आणि मध्येच हे राखाडी कुठून आले, हा आमच्या विभागाचा जुना प्रश्न. माझे ज्येष्ठ सहकारी (यापुढे 'सर') म्हणत, ती वाळवंटातून वाऱ्याने आलेली धूळ आहे. मी म्हणत असे, दक्षिणेकडच्या मोठ्या नदीने आणलेला गाळ आहे. यावरून आम्ही बैठकांत भांडलो, जिन्यात भांडलो, त्यांच्या निरोपसमारंभातही भांडलो. हार गळ्यात असताना ते मला म्हणाले होते, "बाई, नदी नदी करून तुम्ही मला बुडवणार!"

२. यंदा त्या थराच्या कणांची तपासणी पूर्ण झाली. दगड झिजून माती झाली, वाहत समुद्रात गेली, तरी मूळ खडकाची खूण तिच्यातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणात राहते. ही खूण वाळवंटाशी जुळली नाही. माझ्या नदीशीही जुळली नाही. ती उत्तरेकडच्या डोंगरांशी जुळली, जिथून आज फक्त एक कोरडे पात्र उतरते आणि त्यात लोक गाड्या उभ्या करतात. म्हणजे तिथे एके काळी भरपूर पाऊस होता, भरून वाहणारी नदी होती. थराची वरची कड सुरीने कापल्यासारखी आहे. पाऊस तिथून हळूहळू सरकला नाही, माणसाच्या दोन-तीन पिढ्यांत निघून गेला. आपला पाऊस कसा वागू शकतो, हे समजून घेणाऱ्यांना याचा उपयोग व्हावा.

हा निकाल हाती आला तेव्हा मी खुर्चीवरून उठले आणि सांगायला कोणी आहे का म्हणून दारापर्यंत गेले. मग परत येऊन बसले.

३. अहवालासाठी थराची पुन्हा मापे घेणे आवश्यक होते. तथापि, आपल्या परिपत्रकानुसार शीतकक्षात कोणीही एकट्याने जाऊ नये. हा नियम योग्यच आहे. थंडीत चक्कर आली तर बाहेर कोणाला कळणार? मी दुसरी व्यक्ती मागितली. आपण कळवले की दुसरी व्यक्ती विभागातीलच हवी. विभागात मी एकटीच असल्याचे मी कळवले. आपण कळवले की याबाबत विभागप्रमुखांशी संपर्क साधावा. त्याप्रमाणे मी माझ्याशी संपर्क साधला, माझ्या नावाचे पत्र आवक करून घेतले आणि असमर्थता कळवली. त्याची प्रत आपल्या कार्यालयास मिळाली असेलच.

४. शीतकक्षाच्या दारावर विभागातील व्यक्तींची पाटी आहे. तीवर सरांचे नाव अजून आहे. परिपत्रकात 'विभागातील' असे म्हटले आहे, 'सेवेतील' असे नाही. या आधारे मी गेल्या बुधवारी सरांना घेऊन आले.

५. सरांची स्मृती आता साथ देत नाही. त्यांच्या मुलीने मला आधीच सांगितले होते, "मावशी, ते मलाही कधी कधी ओळखत नाहीत. मनाला लावून घेऊ नका." फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना सलाम केला, "साहेब, बऱ्याच दिवसांनी!" सरांनी त्याची विचारपूस केली, पण तो कोण हे त्यांना ठाऊक नव्हते. मला ते वाटभर "बाई" म्हणत होते. आधीही तसेच म्हणत, त्यामुळे मला काही काळ बरे वाटले.

आत आल्यावर मी माझा जाड कोट त्यांना घातला आणि गाभा ओढून बाहेर काढला. सर बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग राखाडी थरातली चिमूटभर माती त्यांनी बोटांवर चोळली आणि पुढच्या दातांत धरली. आमच्यातली ही जुनी रीत आहे. दाताला लोण्यासारखी लागली तर चिकणमाती, करकर लागली तर वाळू. नमुना तोंडात घालणे नियमबाह्य आहे. त्यासही कृपया मंजुरी द्यावी.

"करकरतंय," ते म्हणाले. "वारा एवढं जाड आणत नाही इतक्या लांब. हे पाण्यानं आणलंय."

सरांच्या तोंडून हे ऐकण्याची मी माझे अर्धे आयुष्य वाट पाहिली होती. मी त्यांना निकाल सांगितला. डोंगर, कोरडे पात्र, निघून गेलेला पाऊस, सगळे. त्यांना समजले. जे प्रश्न विचारायला हवेत तेच त्यांनी विचारले, आणि एका प्रश्नावर मला उत्तर देता आले नाही, तेव्हा पूर्वीसारखेच हसले. इतके बोलणे या विभागात फार दिवसांत झाले नव्हते.

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, "इथे एक बाई होत्या. फार भांडायच्या माझ्याशी. त्यांना बोलवा."

मी विचारले, "कशाला?"

"आम्ही दोघंही चुकलो, हे मीच सांगायला हवं त्यांना. दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्यांना पटायचं नाही."

महोदय, त्या आज रजेवर आहेत, असे मी सांगितले. पुढच्या बुधवारी येतील, असेही सांगितले.

६. मुलीचा फोन आला होता. सर रोज सकाळी बूट घालून बसतात आणि आज बुधवार आहे का, असे विचारतात. बाकी बरेच विसरले, पण हे विसरलेले नाहीत.

तरी गेल्या बुधवारच्या प्रवेशास कार्योत्तर मंजुरी द्यावी आणि येत्या बुधवारी त्यांना पुन्हा येऊ द्यावे, ही विनंती. त्या दिवशी सदर बाई शीतकक्षात हजर राहतील, याची मी लेखी हमी देते. सर त्यांना ओळखतील, याची हमी देता येत नाही.

आपली नम्र व उत्तराच्या प्रतीक्षेत,
(सही)
विभागप्रमुख, गाळ विभाग

दिनांक : ८ ऑगस्ट
सोबत : सरांच्या मुलीचे संमतीपत्र.